गुनिल्डाबाईंची तोफ

गेल्या पावसाळ्यात मला एक पोस्टकार्ड आले. हल्ली पोस्टकार्ड ही वस्तू इतकी दुर्मिळ झाली आहे, की पोस्टमनने ते पेटीत न टाकता दारात उभे राहून माझ्या हातात दिले आणि मी वाचून संपवीपर्यंत तो तेथेच घुटमळत राहिला. मजकूर पाचसहा ओळींचा होता. लिहिणारे गृहस्थ सैन्याच्या तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. विशाळगडावरची माझी कादंबरी त्यांनी वाचली होती. ‘आपल्या पुस्तकात पावनखिंडीतला मावळा ओरडतो, गडावर तोफांच्या फैरी झडल्या! फैर हा शब्द इंग्रजांच्या फायरवरून आला आहे. १६६० साली तो आपल्या मावळ्याला कोणी शिकविला? आपण शाळेत मुलांना शिकविता, म्हणून कळविले. राग नसावा.’

राग आला. खोटे कशाला बोलू? या कादंबरीपायी मी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालविल्या होत्या. पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंत पायी गेलो होतो. मावळ्याच्या खांद्यावरची घोंगडी काळी असावी की करडी, यावर मी रात्र रात्र जागलो, आणि त्याच्या तोंडात मात्र इंग्रजी शब्द कोंबला! कोश काढून पाहिला. सुभेदारांचे म्हणणे खरे होते. शेवटचे ‘राग नसावा’ हे शब्द तर अधिकच झोंबले.

मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. शब्दांची मुळे कशी खणावीत, हे मला कोणी शिकविलेले नाही. पण एकदा ठेच लागली की माणूस खाली बघून चालू लागतो. बंदूक, तोफ, गोळी, बार हे शब्द मी आयुष्यभर न बघता ओलांडीत आलो होतो. आता एकेकापाशी वाकून पाहू लागलो.

आधी सुभेदारांकडे गेलो. त्यांचे गाव एस.टी.ने दीड तासावर. मनाची जुळवाजुळव करीत मी म्हणालो, “सुभेदारसाहेब, इंग्रजीत गन म्हणजे बंदूक. तिचा—” त्यांनी कप खाली ठेवला.

“मास्तर, गन म्हणजे तोफ. हातात असते ती रायफल. रिक्रूट असताना कोणी रायफलीला गन म्हटले, तर उस्ताद ती डोक्यावर धरायला लावून मैदानाला फेऱ्या मारवीत.”

मग त्यांनी मला पुरता धडा दिला. सैन्यात आणि आरमारात गन म्हणजे तोफ. त्यातही खरी गन म्हणजे लांब नळीची आणि सपाट माऱ्याची. गोळा उंचावरून टाकणारी ती हॉवित्झर, आणि जवळजवळ उभाच वर फेकून शत्रूच्या डोक्यावर पाडणारी ती मॉर्टर. साहेब शिकारीला निघाला की मात्र त्याच्या खांद्यावरची छऱ्याची बंदूकही गनच, आणि सिनेमात चोराच्या खिशातून निघते तेही गन. इंग्रजांनी एका शब्दात सगळा शस्त्रागार कोंबून ठेवला आहे. आपल्याकडे हातातली ती बंदूक, गाड्यावरची ती तोफ आणि कमरेचे ते पिस्तूल. शेंबड्या पोरालाही फरक कळतो. इंग्रजी शब्दाचा पसारा अजून वाढतोच आहे. मोटारीला ग्रीस भरण्याच्या पिचकारीला गॅरेजवाला गन म्हणतो. करोनाच्या साथीनंतर शाळा उघडल्या, तेव्हा फाटकात आमचा शिपाई मुलांच्या कपाळासमोर ताप मोजायचे यंत्र धरी. त्याचेही नाव गन. पहिलीतली मुले ते पाहून हसत आणि हात वर करीत. मला मात्र ते दृश्य एकदाही बघवले नाही.

या गन शब्दाचा शोध घेत मागे जावे, तर माणूस थेट एका बाईपाशी पोहोचतो. इंग्लंडात विंडसरच्या किल्ल्यातील शस्त्रांची १३३०-३१ सालची एक लॅटिन यादी आहे. तीत एका शिंगाच्या प्रचंड यंत्रधनुष्याची नोंद असून त्याचे नाव ‘डोमिना गुनिल्डा’ असे दिले आहे. डोमिना म्हणजे बाईसाहेब. गुनिल्डा हे उत्तरेकडच्या नॉर्स लोकांतले बायकांचे नाव, आणि त्याची दोन्ही पदे, गुन्न आणि हिल्ड, युद्ध या अर्थाचीच. किल्ल्यावरच्या शिपायांनी आपल्या सर्वांत मोठ्या यंत्राला लाडाने बाईचे नाव दिले. त्याच नावाचा लाडका तुकडा पुढे गन होऊन दारूच्या तोफेला चिकटला, असे इंग्रजी कोशकार मानतात. तोफांना बायकांची नावे देण्याची खोड त्या लोकांत पुढेही राहिली. एडिंबरोच्या किल्ल्यावरची पंधराव्या शतकातली प्रचंड तोफ ‘मॉन्स मेग’, आणि १९१४च्या महायुद्धातली जर्मनांची ‘बिग बर्था’. आपणही काही मागे नाही. जंजिऱ्याच्या तटावर ‘कलालबांगडी’ अजून समुद्राकडे तोंड करून बसली आहे.

पण मला त्या नोंदीत गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. गुनिल्डाबाई दारूची तोफ नव्हतीच! ते धनुष्य होते. शब्द आधी आला. वस्तू त्याच्या आत मागाहून शिरली. जुन्या घरात नवा भाडेकरू यावा आणि दारावरची पाटी तीच राहावी, तसे. म्हणजे उद्या कोणी एखाद्या जुन्या कागदात गन हा शब्द दाखवून ‘पाहा, त्या वेळी तोफा होत्या,’ म्हणू लागला, तर त्याला विचारले पाहिजे, की बाबा रे, घरात त्या वेळी राहत कोण होते?

हा प्रकार एकट्या इंग्रजांचा असता तर मी सोडून दिला असता. पण आपली बंदूक घ्या. अरबीत बुंदुक म्हणजे हेझलनट नावाचे कवचाचे छोटे गोल फळ. ते काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रदेशातून येई, म्हणून ग्रीकांनी त्याला पोंतिकोन म्हटले आणि अरबांच्या जिभेवर त्याचे बुंदुक झाले. त्या फळाएवढी मातीची किंवा शिशाची गोळी तीही बुंदुकच. या गोळ्या अरब लोक एका खास धनुष्यातून मारीत, पाखरे टिपीत. आपल्या पोरांची गलोल ही त्याच कुळातली. राजेरजवाड्यांचे असे धनुष्य सांभाळणारा अधिकारी असे, त्याला म्हणत बुंदुकदार. मिसरचा सुलतान बैबर्स, ज्याने १२६० ते १२७७ राज्य केले, त्याचे टोपणनाव अल्-बुंदुकदारी, कारण गुलाम असताना त्याचा पहिला धनी असा बुंदुकदार होता. हे नाव ऐकून आमच्या शाळेतला कोणीही मुलगा बेधडक लिहील, की सुलतान बंदूक चालवीत असे. आणि मी त्याला मार्क देईन! वास्तविक बैबर्सच्या धन्याच्या हाती होती ती गलोल.

चिनी लोकांचेही तसेच. त्यांच्या भाषेत ‘पाओ’ म्हणजे दोरखंड ओढून दगड फेकणारे यंत्र. पुढे तोफ आली तेव्हा तिलाही पाओच म्हणू लागले. मग जुन्या ग्रंथात पाओ आला की तो दगडाचा की दारूचा, यावर पंडितांचे वाद होत राहिले.

येथे मला शाळेच्या खोलीत घडलेला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. मधल्या सुटीत मी हे सारे उत्साहाने सांगत होतो. आमचे एक सहकारी म्हणाले, “गुरुजी, कशाला चीन आणि अरबस्तान! रामायणात शतघ्नी आहे. एका वेळी शंभर माणसे मारणारी ती तोफ नाही तर काय? महाभारतात भुशुंडी आहे, ती बंदूक. शुक्रनीतीत तर दारूचे प्रमाणसुद्धा दिले आहे.” बाकीच्यांनी माना डोलाविल्या. मलाही डोलवावीशी वाटली. कारण हेच मी स्वतः पंधरा वर्षे वर्गात सांगत आलो होतो, आणि सांगताना मुलांचे डोळे कसे चमकतात ते पाहिले होते.

परंतु गुनिल्डाबाई आड आल्या. शतघ्नी हा शब्द जुना आहे, यात शंका नाही. रामायणात आहे, महाभारतात आहे, कौटिल्यानेही ती यंत्रांत गणली आहे. पण तिच्या घरात कोण राहत होते? कौटिल्याच्या टीकाकाराने सांगितली आहे ती शतघ्नी म्हणजे लांब खिळे ठोकलेला, तटावर ठेवलेला मोठा खांब. शत्रू चढू लागला की त्याच्या अंगावर लोटायचा. तीत दारू नाही, नळी नाही. राहिली शुक्रनीती. गुस्ताव ओपर्ट या मद्रासच्या जर्मन पंडिताने १८८० साली तिच्या आधाराने प्राचीन हिंदूंना बंदुकीची दारू ठाऊक होती असे मोठ्या हौसेने मांडले. लघुनालिक, बृहन्नालिक आणि अग्निचूर्ण हे शब्द तेथे आहेत हे खरेच. पण तेथली वर्णनेच इतकी अर्वाचीन, की ग्रंथाच्या वयाविषयी संशय येऊ लागला. १९६२ साली लल्लनजी गोपाल यांनी तर तो ग्रंथ एकोणिसाव्या शतकातला ठरविला. ज्या कागदावर बंदूक आहे, तो कागदच बंदुकीनंतरचा.

मी हे बोललो आणि खोलीत शांतता पसरली. सहकारी नुसते म्हणाले, “तुम्ही फार वाचता, गुरुजी.” त्यानंतर आठवडाभर आमचे बोलणे कामापुरतेच राहिले. पूर्वजांना तोफ नव्हती असे म्हटल्याने त्यांचे काय कमी होते, ते मला समजत नाही. ज्याने पाणिनी दिला, त्याने तोफही द्यायलाच हवी काय?

मग दारू आणि नळी आली कोठून? ती आली चीनमधून, आणि तिची कथा कादंबरीकारालाही सुचू नये अशी आहे. तेथले किमयागार मरण चुकविणारे रसायन शोधीत होते. सोरा, गंधक आणि कोळसा यांची खटपट करता करता हाती लागली ती मारणारी पूड. तिला त्यांनी नाव दिले ‘हुओ याओ’, म्हणजे अग्नीचे औषध. १०४४ सालच्या त्यांच्या युद्धग्रंथात तिची प्रमाणे दिली आहेत. आता आपला शब्द पाहा. फारशीत दारू म्हणजे औषध! आपण मराठीत तो शब्द दोन ठिकाणी वापरतो, एक बाटलीत आणि एक बंदुकीत. दोन्हीकडे औषधाचा अर्थ नाहीसा झाला आहे. दिवाळीत आपण जे शोभेचे दारूकाम उडवितो, तेही त्या हुकलेल्या अमृताचेच शिंतोडे.

ही पूड चिन्यांनी प्रथम भरली ती बांबूत. ११३२ साली दे-आन शहराच्या वेढ्यात बांबूच्या नळकांड्यात दारू भरून तिची ज्वाळा शत्रूच्या अंगावर सोडली. १२५९च्या सुमारास बांबूतून ज्वाळेबरोबर गोळीसारखा तुकडाही बाहेर फेकला जाऊ लागला. बांबू फुटे, म्हणून पुढे नळी धातूची झाली. हे वाचले आणि मला शब्दांचा एक मोठा गुंता सुटल्यासारखा वाटला. इंग्रजांची कॅनन ही लॅटिन कान्नापासून निघाली. कान्ना म्हणजे बोरू, वेत. आपली नळी, हत्तीवरची गजनाळ आणि उंटावरची सुतरनाळ ही सारी संस्कृत नल या शब्दाकडे बोट दाखवितात, आणि नल म्हणजेही बोरूच. तुपक हा आपल्या बखरींतला लाडका शब्द तुर्कांच्या तुफेक आणि इराण्यांच्या तुफंगचा भाऊ. तो आधी फुंकनळीचे नाव होता, तोंडाने ‘तुफ्’ करून बारीक गोळी उडविण्याच्या. पिस्तूल हा शब्द इटलीतल्या पिस्तोया गावावरून आला असे जुने लोक सांगत. आता त्याचे मूळ चेक भाषेतल्या पावा किंवा शिट्टी या अर्थाच्या शब्दात शोधतात. बोरू, वेत, फुंकणी, पावा! जगाने ज्या वस्तूला एवढे भ्यावे, तिला प्रत्येकाने नाव दिले ते गुराख्याच्या झोळीतले.

आणि जेथे पाव्याचे नाव नाही, तेथे पाखरांचे आणि किड्यांचे. मस्केट या शब्दात इटालियन लोकांची माशी बसली आहे. युरोपातल्या हलक्या तोफांना फाल्कन म्हणजे बहिरी ससाणा म्हणत, एका लांब तोफेला कल्व्हरिन म्हणजे नागीण. आपल्याकडे उंटाच्या पाठीवरून उडवायची ती जंबुरा किंवा जंबूरक. फारशीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी अब्दालीच्या उंटांवरून जी आग बरसली, ती या गांधीलमाश्यांची. लहानपणी बांधावरचे मोहोळ उठलेले ज्याने पाहिले आहे, त्याला हे नाव कोणी फोड करून सांगायला नको. त्याच दिवशी भाऊसाहेबांच्या बाजूने इब्राहिमखानाचे गारदी लढले. गारदी या शब्दाचे नाते फिरंग्यांच्या गार्डशी लावतात, म्हणजे राखणदाराशी. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ला, गारद्यांनीच शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना कापले, आणि राखणदार हा अर्थ मराठीत कायमचा मेला.

फिरंगी या शब्दाचेही असेच नशीब. बाबराने आपल्या आत्मचरित्रात एका तोफेला फिरंगी म्हटले आहे. चिनी लोकांनी पोर्तुगिजांकडून घेतलेल्या तोफेला फोलांगजी, म्हणजे फिरंगीच, हे नाव ठेवले. जपानात १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले, तर तेथल्या बंदुकीला त्या बेटाचेच नाव पडले. मराठ्यांच्या हाती मात्र फिरंग आली ती तरवार होऊन. परक्याकडून काय घ्यायचे ते ज्याने त्याने आपल्या आवडीने घेतले म्हणायचे. तोफेसाठी आपण तुर्कांचा शब्द घेतला. तुर्कीत ‘तोप’ म्हणजे चेंडू, कोणतीही गोल वस्तू. तुर्की मुले आजही फुटबॉलला तोपच म्हणतात. शब्दाबरोबर माणसेही आली. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ, जिचे वजन ५५ टन सांगतात, ती १५४९ साली ओतली गेली निजामशाहीच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, आणि ओतणाऱ्याच्या नावापुढे आहे ‘रूमी’, म्हणजे तुर्कस्तानचा. त्या शहरात तोफखाना नावाची वस्ती अजून आहे.

राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला. फारशी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द बसविण्याचा तो केवढा मोठा उद्योग! त्यात शस्त्रांचाही एक स्वतंत्र वर्ग आहे. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. दरबारात नावे बदलली. पण बुरुजावर तोफ ती तोफच राहिली आणि बंदूक ती बंदूकच. याचे मला पूर्वी वाईट वाटे. आता वाटत नाही. ज्या शब्दावर हात भाजले आहेत, तो शब्द माणूस सहजासहजी टाकीत नाही.

शिवाय आपल्या लोकांनी शब्द उसने घेतले तरी पुढचा संसार आपला थाटला. बंदुकीची कळ ओढायची तिला म्हणतो चाप. चाप म्हणजे संस्कृतात धनुष्य! धनुष्य गेले, पण बोट अजून त्याच्यावरच आहे. दारूवर ठिणगी पाडणारा जो तुकडा, त्याला इंग्रज म्हणतो कोंबडा, आम्ही म्हणतो घोडा. मुंबईच्या टोळ्यांत तर अख्खे पिस्तूलच घोडा झाले. बत्ती जेथे लावायची ते भोक तोफेचा कान. शत्रूच्या हाती तोफ पडू नये म्हणून या कानात खिळा ठोकीत, की ती कायमची बहिरी. तोफ ‘डागतात’, कारण एके काळी खरोखरच तापलेली लोखंडी सळई तिच्या कानाला लावीत, जशी गुराला डागणी देतात. ज्याच्या पोटात दारू कोंडली आहे तो कुलपी गोळा. आणि झाकणाच्या साच्यात दूध कोंडून गोठविलेली ती कुलफी. दोघांचे कुलूप एकच. मॉर्टर हा शब्द लॅटिनमधल्या खलावरून निघाला, आणि आपण तिला म्हणतो उखळी तोफ. कोणी कोणाचे पाहून नाव दिले नसावे. वस्तूच तशी बुटकी, रुंद तोंडाची.

हे सगळे मी दुसऱ्या भेटीत सुभेदारांना ऐकविले. उखळीवर ते मनापासून हसले. गोलंदाज हा शब्द काढला तेव्हा म्हणाले, “आमची पदवी पोरांनी चेंडू टाकणाऱ्याला दिली.” खरेच आहे. गोळा टाकणारा तो गोलंदाज, वीज टाकणारा तो बरकंदाज. बरकंदाज इतिहासात गेला आणि गोलंदाज क्रिकेटच्या मैदानावर उतरला. त्याच्या जोडीला फलंदाजही नवा घडविला गेला. तोप म्हणजे चेंडू, तो तोफ झाला. गोलंदाज तोफेवरचा, तो चेंडूकडे परत आला.

बोलता बोलता हॉवित्झरचा विषय निघाला. १९९९ साली कारगिलला ते बोफोर्सवर होते. “ती हॉवित्झरच, पण आम्हीसुद्धा तिला बोफोर्स गनच म्हणायचो. तुमच्या मावळ्यासारखेच,” असे म्हणून त्यांनी माझ्या जखमेवर फुंकर घातली. मी सांगितले, की हा शब्द चेक लोकांचा आहे. १४१९ ते १४३४ या काळात त्यांच्याकडे धर्मयुद्धे झाली, तेव्हा ही आखूड तोफ ते वापरीत. ‘होउफ’ म्हणजे जमाव, घोळका. जमावावर मारायची म्हणून तिचे नाव होउफनित्से, त्यावरून हॉवित्झर. सुभेदार थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “आम्हाला नकाशावरचे आकडे देत असत, मास्तर. जमाव दिसत नसे.”

परत येताना एस.टी.त मला आमच्या एका वाक्प्रचाराची आठवण झाली. शाळेत तपासणी असली की आम्ही नव्या मास्तरांना पुढे करतो आणि हसत म्हणतो, ‘याला तोफेच्या तोंडी दिले.’ मीही कितीदा म्हटले आहे. मुंबईत, आज जेथे आझाद मैदान आहे त्या माळावर, १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडाला बांधून उडविले. त्याच साली कोल्हापूरच्या बंडवाल्या पलटणीतल्या शिपायांचीही तीच गत झाली. सरबत्ती, भडिमार, फुसका बार या शब्दांतली दारू कधीच ओली झाली आहे. ते मी वापरीन. हा एक मात्र त्यानंतर माझ्या तोंडून निघालेला नाही.

आता मूळ भानगड. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची होती. प्रकाशकांना कळविले, की मावळ्याच्या तोंडची फैर काढायची आहे. ते म्हणाले, कोणाच्या लक्षात येते? मी म्हणालो, एकाच्या आले आहे. पण फैर काढून घालायचे काय? सरबत्ती चांगला, पण धावत्या मावळ्याच्या तोंडी जड. शेवटी ‘बार’ ठेवला. फारशीत बार म्हणजे ओझे. बार भरायचा म्हणजे नळीवर तिचे ओझे लादायचे, आणि तो उडाला म्हणजे ती मोकळी झाली. ‘गडावर बार झाले!’ तीनच शब्द, पण मावळा ते दम लागलेला असतानाही बोलू शकेल असे वाटले. सुधारलेले पान मी सुभेदारांना पोस्टाने पाठविले, आणि आभार मानले.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले. ‘बार चालेल. आता एक विचारतो. पावसाळ्याचे दिवस, आषाढाचे धुके, मधे डोंगर आणि खिंडीत लढाईचा गलबला. गडावरच्या बाराचा आवाज तेथपर्यंत ऐकू जाईल का, हे आपण कधी पाहिले आहे काय? पुढच्या पावसाळ्यात मी यायला तयार आहे. गडावर उखळी उडविण्याची परवानगी मिळाली तर आपण खिंडीत उभे राहावे. राग नसावा.’

मी होकार कळविला आहे.